आप्पांचा दिनविशेष

रोज सकाळी माझ्या मोबाइलवर ‘आजचा दिनविशेष’ येतो. लातूरला आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक निवृत्त तलाठी तो नेमानं पाठवतात. वर गुलाबाचं फूल आणि खाली आज अमुक जन्मला, तमुक वारला, अमक्या देशात क्रांती झाली, तमक्या देशात भूकंप. त्याखाली पंचवीस जण हात जोडतात. क्रांतीलाही जोडतात आणि भूकंपालाही. मी तो न वाचता पुसून टाकते. सून म्हणते, “आई, तुम्ही शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचता, मग यानंच काय घोडं मारलंय?” तिला ते मला एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

माझ्या लहानपणी अहमदपूरला एस.टी. स्टँडकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाला पाठ लावून घर. दुकानाच्या दाराशी एक फळा टांगलेला असायचा, शाळेनं टाकून दिलेला, एका कोपऱ्यात टवका उडालेला. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आंघोळ आणि लिंगपूजा उरकून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून दुकान उघडायचे, आणि तराजू पुसायच्या आधी फळा पुसायचे. मग ठसठशीत अक्षरात लिहायचे, ‘आजच्या दिवशी जगात.’ खाली दोन नाहीतर तीन ओळी. बुडणार नाही म्हणून मिरवलेलं जहाज आजच्या दिवशी बुडालं. आजच्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला. आजच्या दिवशी जपानात एका शहरावर बॉम्ब पडला आणि शहर राहिलं नाही. ही माहिती ते वर्तमानपत्रांतून, कॅलेंडरच्या पाठीमागून, रद्दीत आलेल्या पुस्तकांतून कापून ठेवत. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या बारा रिकाम्या बरण्या फळीवर ओळीनं मांडलेल्या होत्या, एकेका महिन्याची एकेक. गिऱ्हाईक गोळ्या समजून बोट दाखवायचं, तर आत कागदाचे कपटे. गावातली टवाळ पोरं म्हणायची, “आप्पा, पावशेर फेब्रुवारी द्या.” आप्पा हसायचे नाहीत. स्वतः निजामाच्या राज्यात उर्दूतून चार इयत्ता शिकलेले. मराठी त्यांनी मागून हट्टानं कमावली होती आणि त्या कमाईचा त्यांना फार अभिमान होता.

फळ्याचा पहिला श्रोता मात्र घरातलाच होता. आप्पांची धाकटी बहीण, नीलाआत्या. तिला अक्षर येत नव्हतं. चुलीवर भाकरी टाकायच्या आधी ती पदराला हात पुसत दुकानाच्या आतल्या दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, “आज काय झालं म्हन जगात?” आप्पा वाचून दाखवायचे. मग तिचे प्रश्न सुरू व्हायचे. कुठल्या राजाचं डोकं उडवलं म्हटलं की ती विचारायची, “पोरंबाळं व्हती का त्याला?” जहाज बुडालं म्हटलं की, “मागं ऱ्हायलेल्यांना कुनी सांगितलं? लगी कळलं का?” चंद्रावर माणूस उतरल्याची ओळ ऐकून तिनं एवढंच विचारलं होतं, “माघारी आला का पन?” आला म्हटल्यावर ती निश्चिंत होऊन भाकरीकडं वळली. मी हसायचे. आई मात्र अशा वेळी कधी हसली नाही. ती चुलीपुढं बसून लाकडं पुढं सारत राहायची.

आत्याचे हे प्रश्न कुठून येतात ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा बेपत्ता होता. आमच्याकडं तेव्हा साटंलोटं चालायचं, म्हणजे एका घरानं मुलगी द्यायची आणि त्याच घरातली मुलगी सून म्हणून आणायची. भोकरकडच्या एका गावातून माझी आई आप्पांच्या घरी आली आणि तिच्या धाकट्या भावाला, गुरुलिंगमामाला, आप्पांची बहीण दिली. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं आमच्याच नात्यातली लेकरंबाळं आजही नांदताहेत. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तोच रझाकारांची धामधूम वाढली, म्हणून सतरा वर्षांच्या आत्याला माहेरी अहमदपूरला आणून ठेवलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, रस्ते मोकळे झाले, पण तिला न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीला आईचा थोरला भाऊ आला आणि म्हणाला, गुरुलिंग हैदराबादेकडं गेला तो परतलाच नाही, येईल. तेव्हापासून आत्या आमच्याच घरी होती.

रोज सकाळी ती विभूतीवर रुपयाएवढं कुंकू लावायची. संक्रांतीला वाणाला जायची, लग्नात तिची ओटी भरली जायची. समोर कुणी काही बोलत नसे, पाठ वळली की बायका एकमेकींकडं बघत. आमच्या लिंगायतांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण ज्या बाईचा नवरा मेला की जगला हेच ठाऊक नाही, तिचा पाट कोण लावणार? अगदी तरुणपणी रेणापूरच्या एका बिजवर मास्तरांनी तिच्यासाठी विचारलं होतं. भला माणूस, म्हणाले, दोन वर्षं थांबतो. थांबले आणि मग त्यांनी दुसरीकडं केलं. हे मला आत्यानंच सांगितलं होतं, गव्हातले खडे निवडता निवडता. “कुंकू हाय ना माझं,” ती म्हणाली, “मंग कसलं लगीन?” तिचं सगळं आयुष्य एका माहितीवर अडून बसलं होतं आणि जगाच्या साऱ्या तारखा असलेल्या त्या घरात तेवढी माहिती नव्हती. निदान मी तरी असंच धरून चालले होते.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो मराठवाडा मुक्तीचा दिवस, सतरा सप्टेंबर. मी सातवीत होते. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग गावातून प्रभातफेरी, शेवटी हातावर बुंदी. निघताना मी फळा वाचला. पहिली ओळ दरवर्षीची, हैदराबाद संस्थान मुक्त झालं. दुसरी, अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. तिसरी त्या वर्षी नवी होती, विमान कोसळून मेलेला जगातला पहिला प्रवासी आजच्या दिवशी गेला. आत्या दारात उभी होतीच.

“नाव म्हाईत हाय त्याचं?” तिनं विचारलं.

“हाव. नाव, गाव, समदं छापलंय,” आप्पा म्हणाले.

“कवाची गोष्ट?”

“साठाच्या वर वर्षं झाली असतील.”

“बघ की. वरून पडला तरी त्याचा दिवस ठाव हाय लोकास्नी,” असं म्हणून ती आत गेली. त्या दिवशी आईचा उपास होता. दरवर्षी झेंड्याच्या दिवशी तिचा उपास असायचा, कोणत्या देवाचा ते ती सांगत नसे. आम्हाला वाटायचं, असेल काहीतरी नवसाचं.

मी बुंदी खात परत आले तेव्हा मागच्या अंगणातून पिंजणाच्या तातेचा, त्या ताणलेल्या दोरीचा, आवाज येत होता. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, आणि दारावरून जाणाऱ्या एका पिंजाऱ्याला आत्यानं हाक मारून गाद्यांचा कापूस पिंजायला बसवलं होतं. म्हातारा, पांढरी दाढी, तिच्यात आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. मी पायरीवर बसून बघत राहिले. दडपलेला, मळकट कापूस तातेखाली जाऊन असा फुगून वर यायचा की बघतच राहावं. आत्या त्याला पाणी देताना सहज म्हणाली, “कुठले म्हनायचे?”

“आता देगलूरला ऱ्हातो बाई. पयले भोकरकडं व्हतो,” म्हाताऱ्यानं गावाचं नाव सांगितलं.

“आगं बया, माझं सासर की ते,” आत्या म्हणाली. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिनं घराची खूण सांगितली, चावडीच्या मागं, दारात लिंबाचं झाड, दोघं भाऊ.

तातेचा आवाज थांबला. म्हाताऱ्यानं आत्याच्या कपाळाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, मग परत कपाळाकडं. “तुमी गुरुलिंगआप्पाच्या घरच्या?” तो म्हणाला. “मंग हे कुंकू कसं काय, बाई?”

तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आत्याचा पाट लागला असेल. तसं त्यानं विचारलंही. आत्यानं मान हलवली. “ते हैदराबादेला गेल्यात,” ती म्हणाली. सव्वीस वर्षं ती हेच वाक्य म्हणत आली होती आणि त्या दिवशीही तिनं ते तसंच म्हटलं.

“कोन बोललं हैदराबादेला?” म्हातारा म्हणाला. “माझ्यापायी गेला तो मानूस. माझ्या डोळ्यांम्होरं.”

मग त्यानं सांगितलं. निजाम शरण आल्याची बातमी भोकरहून सायकलवर एक जण घेऊन आला, दिवस मावळायला टेकला होता. गावात आनंदीआनंद झाला आणि मग तो आनंद हातात कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांच्या आळीकडं निघाला. “रझाकार तर कवाच पळाले व्हते, बाई. हाताला लागलो आमी. म्या तर गाद्या पिंजनारा मानूस.” गुरुलिंगमामानं त्याला आपल्या ज्वारीत लपवलं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आत माणूस दिसत नाही. पण थोरल्या भावाला ते ठाऊक होतं आणि त्यानं जमावाला शेत दाखवलं. “त्याला वाटलं असंल, मला मारतील आन् भावाला सोडतील. गुरुलिंगआप्पा आडवा झाला. हलंनाच. म्हनला, आधी मला. तर त्यांनी आधी त्यालाच.” म्हातारा त्या गोंधळात सुटला तो पळतच राहिला.

आत्यानं मग माझ्या कल्पनेतही नसलेला प्रश्न विचारला. रडली नाही, ओरडली नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, हातात त्याचं लिंग देऊन, बेल वाहून. तिनं विचारलं, “बसवून पुरलं का त्यांना? का तसंच आडवं टाकलं?”

“म्या पळालो बाई, ते मला म्हाईत न्हाई.”

“बसवून पुरलं,” मागून आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. “ज्वारीतच. थोरल्यानं सोता खड्डा खंदला. हातात लिंग दिलं व्हतं. मला सांगितलं त्यानं.”

आत्या वळली आणि आईकडं बघत राहिली. एका चुलीवर त्या दोघींनी सव्वीस वर्षं भाकरी भाजल्या होत्या. तेवढ्यात म्हातारा, बिचारा आपलं कर्तव्य चुकलं नव्हतं हे सांगायला म्हणून, बोलून गेला, “म्या त्याच साली, दसऱ्याच्या आधी हितं आलतो, बाई. आता वळखू येतंय, ह्याच दुकानात. तुमच्या भावाला समदं सांगून गेलतो. तुमाला सांगितलं न्हाई का त्यानं?”

त्यानंतर जो आवाज उठला तो आईचा होता. माझी आई मोठ्यानं बोलतही नसे. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि भावाच्या नावानं हंबरडा फोडला. ज्याच्यासाठी तिला इतकी वर्षं रडता आलं नव्हतं, ज्याच्यासाठी ती देवाचं नाव न सांगता उपास धरत होती, त्याच्यासाठी ती छाती पिटून रडली. आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. तिला जवळ घेतलं नाही, ढकललंही नाही. मग तीही रडायला लागली. शेजारच्या बायका धावत आल्या. “कोन गेलं? कवा गेलं?” असं जी ती विचारत होती. बाहेरच्या रस्त्यावरून दुसऱ्या शाळेची फेरी घोषणा देत चालली होती.

आप्पा दुकानातून आत आले. पिंजाऱ्याला पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. म्हातारा कापूस तसाच टाकून, पिंजण खांद्याला लावून निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही.

आत्यानं डोळे पुसले, उठली, आणि भावाच्या समोर जाऊन उभी राहिली. “कामून सांगितलं न्हाईस?”

“तुझं कुंकू राहावं म्हनून, निले,” आप्पा म्हणाले. “सतरा वर्सांची व्हतीस. माझ्या तोंडानं कसं सांगू?”

“माझं कुंकू का तुझं बिऱ्हाड?”

आप्पांनी मान खाली घातली. तिथं जमलेल्या प्रत्येक बाईला तो प्रश्न कळला होता. साट्यालोट्याची गाठ अशी असते की एक सुटली की दुसरी सुटते. आत्याला खरं कळलं असतं तर तिनं भावजयीच्या माहेराला खुनी म्हटलं असतं, पंचांपुढं गोष्ट गेली असती, थोरल्या मामानं आपली बहीण परत मागितली असती. तेव्हा माझी सगळ्यात मोठी बहीण आईच्या पोटात होती. आप्पांनी तराजूच्या एका पारड्यात बहीण ठेवली आणि दुसऱ्यात बायको. मी आप्पांवर फार प्रेम केलं आहे, पण हे लिहिताना आजही मला त्यांचा राग येतो. बहिणीवर दया करतो आहोत असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. पटवणारा आणि पटणारा एकच असला की काम सोपं होतं.

“लिही,” आत्या म्हणाली. “फळ्यावर लिही. आज काय झालं ते.”

आप्पा दुकानात गेले. खडू घेतला. विमानातल्या प्रवाशाच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं आणि आत्यानं मला वाचायला लावलं. मी वाचलं, “आजच्या दिवशी गुरुलिंगआप्पा लिंगैक्य झाले.” आमच्यात मरणाला असंच म्हणतात, देवाशी एक झाले.

“लिंगैक्य न्हाई झाले. मारलं त्यांना. मारलं म्हनून लिही.”

“लोक ईचारतील कुनी मारलं.”

“ईचारू दे की.”

आप्पांचा हात फळ्याजवळ तसाच राहिला. ते लिहीनात. आत्याला तर लिहिता येत नव्हतं. तेव्हा आई आतून आली, डोक्यावरचा पदर ढळलेला, तोंड सुजलेलं. ती दुसरीपर्यंत शिकली होती. तिनं आप्पांच्या हातातून खडू घेतला, ‘लिंगैक्य झाले’ हे शब्द तळव्यानं पुसले आणि एकेक अक्षर जुळवत लिहिलं, ‘यास मारले.’ मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘माझ्या थोरल्या भावाने शेत दाखवले.’ त्या एका ओळीनं तिचं माहेर संपलं. पुढं मामा कधी आला नाही, तीही कधी गेली नाही, त्याच्या मयतालाही नाही. आप्पांनी मात्र तिला घराबाहेर काढलं नाही आणि तिला न्यायलाही कुणी आलं नाही. ज्या भीतीपायी आत्याचं आयुष्य गेलं, ती भीती प्रत्यक्षात अशी आली आणि गेली.

फळा संध्याकाळपर्यंत तसाच होता. माणसं साखर घ्यायला यायची, वाचायची, साखर न घेता जायची. संध्याकाळी आमच्या मठातले वयस्कर जंगमस्वामी आले. देह नाही, समाधी नाही, काय करायचं ते त्यांनाही सुचेना. त्यांनी विभूती लावली, मंत्र म्हटले. आत्यानं पाण्यानं कुंकू धुतलं. इतकी वर्षं झाकलेली कपाळावरची तेवढी जागा बाकीच्या कातडीहून उजळ निघाली. एक शेजारीण समजूत घालायला म्हणाली, “जाऊ दे माय, सुटलीस. आता मोकळी झालीस.” आत्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुकान उघडलं नाही. दिवसभर ते अंगणात त्या अर्धवट पिंजलेल्या कापसाजवळ बसून होते. दिवेलागणीच्या आधी उठले आणि स्वयंपाकघरात आले. आत्या भाकरी थापत होती. मी आईजवळ बसले होते. आप्पा खाली बसले, आणि माझ्या देखत त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या पायांना हात लावला.

“निले, चुकलो. तू म्हनशील ते करतो. काय करू सांग.”

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली. तिला पाणी लावलं. तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते, पुढचे दोन दात गेले होते.

“पाट लाव माझा,” ती म्हणाली.

तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, आणि आप्पांच्या ताटात वाढली. त्यांना ती खाववली नाही. तिनंही पुन्हा कधी काही मागितलं नाही.